हिरवा, उजव्या डोळ्याचा

खोका उघडला आणि थर्माकोलचे दाणे
जेल रोडच्या आमच्या हॉलभर उडाले.
पंखा बंद करायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.
नाना म्हणाले, आधी पावती जपून ठेव.
मग म्हणाले, सत्तावीस इंची? एवढा कशाला?

स्टँडला भोकं तीन, पुडीत स्क्रू दोन.
तिसरा जुन्या मिक्सरचा लावला, बसला.
केबल मात्र बसेना.
बिटको चौकात तौसीफ म्हणाला, ताई,
तुमचा सीपीयू जुन्या घरचा, मॉनिटर नव्या,
मध्ये बोलणी करायला कुणी लागेल.
दोनशे ऐंशी रुपये घेतले मध्यस्थाचे.

वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी,
नाहीतर मान जाते.
नानांनी कपाटातून
कामगार पतपेढीचे एकोणीस वार्षिक अहवाल काढले
आणि खाली रचले.
बरोबर उंची आली.
लाभांश कधी एवढा कामी आला नव्हता.

बटण दाबलं.
आधी निळा, मग नुसता पांढरा.
नानांनी खुर्ची ओढली.
एकतीस वर्षं नोट प्रेसमध्ये ताव तपासले त्यांनी,
कोपरा, आकडा, रेघ, कोपरा,
उलट, पुढचा.
पडद्याला बोट न टेकवता म्हणाले, इथे.
मला काही दिसेना.
भिंग आणलं तेव्हा दिसला,
खसखशीच्या दाण्याहून लहान
काळा ठिपका.
ताव बाद, म्हणाले,
आणि स्वतःच हसले.

हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली,
पाचापर्यंत ठिपके चालतात सर.
नानांनी फोन माझ्याकडे दिला.
कुणाला चालतात, हे त्यांना विचारायचं होतं,
विचारलं नाही.

हा सगळा खटाटोप द्राक्षांसाठी.
गेल्या हंगामात पिंपळगावच्या विधात्यांची लेबलं
माझ्या जुन्या पडद्यावर लुसलुशीत होती,
छापून आली ती दुधी भोपळ्याच्या रंगाची.
चार हजार लेबलं रद्दीत,
आणि विधाते काहीच बोलले नाहीत,
ते जास्त लागलं.

रंगाची बटणं मॉनिटरच्या पाठीशी.
चाचपडत उजेड वाढवायला गेले,
सगळाच बंद झाला.
पुन्हा.
वॉर्म, कूल, नॉर्मल.
वॉर्म बरोबर आहे, नाना म्हणाले.
मी ठेवला.
नाही, कूल.
मी बदलला.
थांब, मगाचाच.
नाना, एकदा काय ते नक्की सांगा,
मी वैतागून वळले
तर ते एका डोळ्यावर तळहात धरून बसलेले.

उजव्याचा मोतीबिंदू काढून तीन आठवडे झाले होते,
डावा पाडव्यानंतर काढायचा.
म्हणाले, ह्या डोळ्यानं तुझी भिंत चुन्याची,
ह्या डोळ्यानं तुपाची.
हात इकडून तिकडे, तिकडून इकडे.
देवळालीकडे तोफांचा सराव चालू होता,
खिडकीची काच थरथरली.
मग हळू म्हणाले,
म्हणजे शेवटची वर्षं
मी सगळे ताव तुपातूनच पाहिले असणार.
आणि कुणीच काही म्हणालं नाही.

काय बोलावं ते सुचेना.
फ्रिजमधून थॉमसनचा घड आणला,
कपड्यांच्या चिमट्यानं
मॉनिटरच्या कोपऱ्याला टांगला.
हिरवा दोन घर खाली, पिवळा थोडा वर,
मणी बघायचा, पडदा बघायचा,
पुन्हा मणी.
नाना उजव्या डोळ्यानं निवाडा द्यायचे
आणि नमुन्यातलाच एकेक मणी तोंडात टाकायचे.
नाना, नमुना संपतोय.
हो, पण रंग जमतोय.

पाच वाजता खिडकीतला उजेड बदलला,
तोवर घडाला सात मणी उरले होते.
फाइल पाठवायला घेतली तर म्हणाले,
खाली एक ओळ लिही,
हिरवा उजव्या डोळ्याचा आहे.

लिहिली नाही.
नुसतं, 'रंग तपासून पाठवत आहे.'
नाना मागे उभे राहून ती ओळ वाचत होते,
कुठल्या डोळ्यानं ते
मी वळून पाहिलं नाही.